सगळ्यांचं झालं का?

मंगळवारी भाऊ आले नाहीत. अकरा वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा सकाळी गेले, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्यावर नावांची यादी आली. पहिलं मेधाचं, दुसरं माझं. मी माझ्या नावावर टिचकी मारली. एकेक खिडकी उघडत गेली आणि सोमवारच्या सुट्टीआधी, शनिवारी, मी ज्या वाक्यापाशी थांबले होते तिथे कर्सर येऊन उभा राहिला. मेधा परदेशी गेल्याला आठ महिने झाले होते. तरी तिचं नाव पुन्हा पहिलं कसं, हा विचार त्या क्षणीही माझ्या मनात आला. भाऊ गेल्याच्या बातमीनंतर पाच मिनिटांच्या आत आला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

आमची संस्था लहान आहे. गुजरातेतल्या आमच्या शहरात, दांडिया बाजारात, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. मी शाळेत मराठी शिकवत होते, निवृत्त झाल्यावर इथे येऊ लागले. भाऊ माझ्या आधीपासून होते. नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली, उपकरणांच्या खात्यात. दाब, तापमान, काटे, झडपा. इथे ते ध्वनिमुद्रणाचा सगळा सरंजाम सांभाळत. पगार नव्हता. त्यांना नव्हता तसा मलाही नव्हता.

दुपारी एक वाजता माझं वाचन संपे. मी खुर्ची मागे सरकवली की भाऊ उजवा पंजा वर करत, चौकातला हवालदार गाडी थांबवतो तसा. डोळे मात्र पडद्यावर.

"थांबा ने, बाई. सगळ्यांचं झालं का?"

खोलीत आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. पण हा प्रश्न माणसांना नव्हता. तो कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमना होता.

हे जरा सावकाश सांगते, कारण भाऊ कळायचे तर हे कळायला हवं. आमच्या कामाला चार प्रोग्रॅम लागतात. एक आवाज मुद्रित करतो. दुसरा पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न गाळून टाकतो. त्याला आम्ही गाळणी म्हणतो. तिसरा काटा, आवाज फार चढला की लाल होणारा. चौथा पुस्तकाचं पान दाखवतो. यांच्यामध्ये वायरी जोडाव्या लागतात, त्याही पडद्यावरच्याच: माइकमधून गाळणीत, गाळणीतून मुद्रणात, तिथून कानांवरच्या हेडफोनमध्ये. पूर्वी हे सगळं रोज सकाळी नव्याने मांडावं लागे. अर्धा तास त्यातच जाई, आणि एखादी वायर जोडायची राहिली तर चार पानं वाचून झाल्यावर कळे की काहीच मुद्रित झालेलं नाही.

भाऊंनी आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. का, असं समितीने विचारलं तेव्हा "याचं झाकण उघडतं," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी त्या चौघांवर एक मुकादम नेमला. मुकादम म्हणजेही एक प्रोग्रॅमच, पण तो स्वतः आवाजाचं काहीच करत नाही. कोण कोण हजर हवं आणि कोण कोणाला जोडलेला हवा, एवढंच त्याला ठाऊक. काम संपलं की तो प्रत्येकाला सांगतो, आपापलं जपून ठेवा. प्रत्येकाने "झालं" असं कळवलं की मगच सगळ्यांना बंद करतो. दुसऱ्या दिवशी आपल्या नावावर टिचकी मारली की सगळे आपापल्या जागी, वायरींसकट. याला सेशन म्हणतात. भाऊ बैठक म्हणत. बाईंची बैठक, मेधाची बैठक. मी घाईने खिडक्या बंद करायला लागले की दटावत, "बैठक मोडायची नाही, बाई. उठवायची."

चौघांत गाळणी जुनी होती. तिला मुकादमाची भाषा येत नसे. बाकीचे तिघं "झालं" म्हणून मोकळे होत आणि ही गप्प. तिच्या नावापुढे एक ठिपका गोल गोल फिरत राही. भाऊ तिला जावईबापू म्हणत.

"पंगत उठली, पण जावईबापूंचा हात अजून ताटात आहे."

"मग सरळ बंद करा की," मी एकदा म्हटलं. मला घरी जायचं होतं.

"असं कसं? त्याला काहीतरी सांगायचं असेल ने."

आणि ते बसून राहात. एक मिनिट, पाच मिनिटं, कधी दहा. पंजा तसाच वर. पुढे त्यांनी दोन महिने खपून गाळणी आणि मुकादम यांच्यामध्ये एक दुभाष्या लिहिला. तेव्हापासून गाळणी उत्तर देऊ लागली. उशिरा, पण देऊ लागली. तो दुभाष्या त्यांनी गाळणीच्या मूळ कर्त्यांना पाठवला. ती माणसं कुठल्या तरी थंड देशात राहतात. त्यांनी तो ठेवून घेतला आणि आता तो जगभर जातो. ही गोष्ट भाऊंनी मला तब्बल वर्षाने सांगितली, भेंडीचा भाव सांगावा तशी. मी अभिनंदन केलं. मनात म्हटलं, त्या परक्या लोकांना वर्षभर आधी ठाऊक आणि रोज शेजारी बसणाऱ्या मला आज?

ही थांबायची सवय त्यांना कारखान्याने लावली होती. पाळी संपली म्हणून तिथे घरी जाता येत नसे. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिला की त्याला पॅनेलसमोर न्यायचं. कुठली झडप किती उघडी, कुठला काटा खोटं बोलतोय, कुठल्या पंपाला आज ताप आहे, सगळं सांगायचं. त्याने समजलं म्हटलं की मगच डबा उचलायचा. "पाळी बदलते, बाई. प्लांट नाही बदलत." एकदा पुढचा माणूस आलाच नाही, तर भाऊ दुसरी पाळीही तसेच उभे राहिले होते.

मला वाटतं हे त्याहून जुनं असावं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या शिबंदीत होते आणि माझे कचेरीत दप्तर सांभाळत. यावरून ते मला चिडवत. "तुमचे आत खुर्चीवर, आमचे बाहेर दारात उभे. पण किल्ली कोणाकडे? बोला!"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. सगळ्यांचं झाल्याशिवाय न उठणारा. अशा माणसाबद्दल आपल्याला वाटू लागतं की तो आपल्यासाठीच थांबलेला आहे. मला तसं वाटत होतं, मेधा येईपर्यंत.

मेधा तिशीची. घरात मराठी, शाळा गुजराती, बँकेत अर्ध्या दिवसाची नोकरी आणि दुपारी तीन ते सहा आमच्याकडे, आठवड्यातून तीन दिवस. माझी वेळ सकाळची, तिची दुपारची. तिच्या मराठीत निम्मं गुजराती असे.

"ताई, हा शब्द कसा बोलायचा? मी तर भेळसेळवाली, तुम्ही एकदम बराबर."

मी सांगत असे. तिने चुकीचा उच्चार केलेला शब्द मी पेन्सिलने पानावर खूण करून ठेवत असे. मला त्यात समाधान होतं. पण ती वाचायला लागली की खोली गप्प होई. संवाद आला की तिचा आवाज त्या माणसाचा होई. एखादी म्हातारी बोलायची असेल तर मेधा म्हातारी व्हायची नाही, फक्त जरा थकायची. हे शिकवून येत नाही. मला चाळीस वर्षं शिकवून आलं नाही.

रावपुऱ्यातले एक आजोबा दर शुक्रवारी फोन करत. त्यांची दृष्टी उतारवयात गेली होती. पूर्वी ते म्हणत, "बाई, पुढचं काय आहे?" मेधा आल्यावर म्हणू लागले, "त्या नव्या मुलीचं काही आहे का? नसलं तर थांबतो."

नसलं तर थांबतो. मी फोन ठेवून त्यांच्या नावापुढे तसं लिहिलं.

सकाळी मी कॉम्प्युटर उघडायची आणि बऱ्याचदा यादीत पहिलं नाव मेधाचं असे, खाली माझं. मी आधी आलेली, वयाने मोठी, रोज येणारी. भाऊंना एकदा विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण असं विचारायचं कसं? मी विचारलं नाही. दर वेळी ते नाव पाहिलं आणि दर वेळी गिळलं.

मग भाऊंनी तिची गाळणी लावायला घेतली. मेधाचा स आणि श माइकवर फुसफुसत. भाऊ तीन दुपारी तिच्यासोबत बसले. मी त्या दिवसांत काहीतरी निमित्त काढून उशिरापर्यंत थांबले. ती एक वाक्य वाचे, ते हेडफोन कानाला दाबून ऐकत, एक आकडा किंचित सरकवत.

"पुन्हा बोल, दीकरा."

"भाऊ, आता तो मला पाठ झालं!"

"पाठ झालं तर डोळे मिटून बोल."

दोघं हसले. माझी गाळणी लावायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. मी ते बोलून दाखवलं, हसत, सहज म्हणून.

"तुमच्या आवाजाला काही लागत नाही, बाई," ते म्हणाले आणि पुन्हा हेडफोन लावला.

मी त्या रात्री जेवताना ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. काही लागत नाही. शाळेत जो मुलगा कधी त्रास देत नाही त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही, तसं.

आता ते सांगते, जे मी भाऊंना सांगितलं नाही.

दुपारी एक ते तीन खोली रिकामी असे. भाऊ त्या वेळात खंडेराव मार्केटला जाऊन भाजी आणत. एका गुरुवारी ते पिशवी घेऊन जिना उतरले आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले. मेधाच्या बैठकीची नक्कल करायची, नाव बदलायचं, आणि तिच्या गाळणीतून माझा आवाज कसा येतो ते ऐकायचं, एवढंच मनात होतं. नक्कल कशी करायची हे मी भाऊंनाच करताना पाहिलं होतं. नवं नाव दिलं, बाई-२.

बैठक उघडली. तिच्यात मेधाच्या कादंबरीची प्रकरणं एकाखाली एक पट्ट्यांनी मांडलेली होती, तिसरं ते सातवं. पहिली दोन तयार होऊन बाहेर गेली होती. मला जागा हवी होती. मी पाचही पट्ट्या निवडल्या आणि काढून टाका असं सांगितलं. प्रोग्रॅमने विचारलं, मूळ फाइलीही कायमच्या काढायच्या का? ही तर नक्कल आहे, मी मनात म्हटलं, आणि हो म्हटलं.

मग मी एक पान वाचलं आणि ऐकलं. डब्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा आवाज आला. तिच्या मापाचं झबलं मी अंगात घातलं होतं. लाज वाटली. खिडक्या भराभर बंद केल्या आणि भाऊ जिन्यावर दिसायच्या आत माझ्या जागी येऊन बसले.

शनिवारी मेधाने आपली बैठक उघडली. प्रकरणांच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या.

भाऊंनी तिला समजावून सांगितलं ते मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऐकलं. आवाजाच्या फाइली फार मोठ्या असतात, म्हणून त्यांनी त्या एका वेगळ्या डिस्कवर ठेवल्या होत्या. बैठकीत असायच्या त्या फक्त खुणा, तिकडे बोट दाखवणाऱ्या. बैठकीची नक्कल केली तर नक्कल होते ती खुणांची. "दार नवं होतं, घर तेच राहतं." आणि घर रिकामं केलं की दोन्ही दारांतून रिकामंच दिसतं. तयार प्रकरणांची दुसरी प्रत असे. ही अजून तयार नव्हती.

"पण नक्कल केली कोणी?" मेधाने विचारलं.

मी पेन्सिलीला टोक करत होते.

"मी," भाऊ म्हणाले. "डिस्क साफ करत होतो. चूक झाली."

"पाच प्रकरणं, भाऊ! पाच! घसा बसेपर्यंत वाचलेली. तुम्ही तर रोज मुकादम, मुकादम करता. क्यां गयो तमारो मुकादम?"

"मुकादमाचा दोष नाही. माझा आहे."

"मला वीस दिवसांत जायचंय! व्हिसा आलाय, तिकीट झालंय. मी मागचं वाचू का पुढचं वाचू?"

तेव्हा खोलीत कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "असं होतं कधी कधी."

हे मी म्हटलं. हेच शब्द.

सोमवारी सकाळी यादी उघडली तेव्हा मला आठवलं की घाईत मी बाई-२ हे नाव काढायलाच विसरले होते. पाहिलं, तर ते यादीत नव्हतं. ते काढणारा एकच माणूस होता, आणि त्या नावात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं काही नव्हतं.

मेधाने पुढची पाच प्रकरणं वाचली आणि कादंबरी संपवली. मागे जाऊन वाचायला जीव होत नाही, म्हणाली. भाऊंशी ती कामापुरतं बोले. ते पंजा वर करून "सगळ्यांचं झालं का?" म्हणाले की ती बॅग उचलून निघे. शेवटच्या दिवशी तिने आम्हा दोघांसाठी लिल्या चिवड्याची पाकिटं आणली. मला मिठी मारली, "ताई, तुमची खूप याद येईल," म्हणाली. भाऊंच्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आवजो."

"आवजो, दीकरा," भाऊ म्हणाले.

ते पाकीट तीन दिवस टेबलावर तसंच होतं. मग त्यांनी ते पिशवीत घालून घरी नेलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती गेल्यावर यादीत माझं नाव कायम पहिलं राहू लागलं. मला वाटलं, ती गेली म्हणून भाऊंनी मला वर घेतलं. इतकंच माझं वजन, असंही वाटलं. म्हणजे वर होते तरी जळत होते आणि खाली होते तरी जळत होते.

एकदा चहा घेताना भाऊ म्हणाले, "मशीन सगळं लिहून ठेवतं, बाई. कोणती बैठक किती वाजता उघडली, किती वाजता मोडली. मी प्रत्येक वेळी वाचतोच असं नाही."

कप माझ्या हातात होता. मी म्हटलं, "आज साखर कमी पडली."

"असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या एका वेळी त्यांनी सरळच विचारलं. कादंबरी मध्ये फाटलेली पडली आहे. रावपुऱ्याचे आजोबा विचारतात. "मधली पाच तुम्ही वाचा ने."

"मेधाच्या आवाजात माझा आवाज? जोड दिसेल."

"दिसू दे. जोड आहे तर दिसणारच."

"नाही भाऊ. तिच्यासारखं मला येत नाही."

"तिच्यासारखं कोणी मागितलंय?"

मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पण रोज दुपारी एक वाजता पंजा वर जाई, रोज तो प्रश्न येई, ठिपका फिरत राही, आणि मला दिसे की भाऊंचे डोळे पडद्यावर नाहीत. ते खिडकीबाहेर बघत बसलेले असत. कुठलीही घाई नसलेल्या माणसासारखे. आठ महिने. मी रोज गाळणीचं उत्तर आलं की "झालं" म्हणून चपला घातल्या.

शेवटच्या शनिवारीही तसंच. फक्त मी निघाले तेव्हा ते उठले नाहीत. "तुम्ही व्हा पुढे, माझं थोडं आहे," म्हणाले.

बुधवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलाने मला लॅपटॉपवर एक पत्र दाखवलं. त्या थंड देशातल्या कोणीतरी लिहिलं होतं. भाऊंच्या दुभाष्यामुळे आपलं रोजचं काम सोपं झालं, आपण त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांची उत्तरं नेहमी सावकाश आणि पूर्ण असत. मुलगा डोळे पुसत होता. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या माणसाला भाऊंनी पूर्ण उत्तरं दिली होती, कारण त्याने प्रश्न तरी पूर्ण विचारले होते.

घरी जाण्याऐवजी मी दांडिया बाजारात गेले आणि कॉम्प्युटर उघडला. यादीत माझं नाव पहिलं होतं.

मी बराच वेळ बघत राहिले. काल पहिलं मेधाचं होतं. काल मी माझी बैठक उघडली, आणि आज माझं पहिलं. मग खाली जाऊन वाचनालयाच्या पायरीवर बसले आणि नीट विचार केला. जी बैठक सगळ्यांत शेवटी उठली तिचं नाव वर येतं, एवढंच. मेधा दुपारी यायची, मी सकाळी. म्हणून ती येऊन गेली की दुसऱ्या सकाळी तिचं नाव वर. कोणी कोणाला वर घेतलेलं नव्हतं. माझी सगळी वर्षं मी मुकादमाच्या हजेरीवर रुसले होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. शनिवारी मी गेल्यानंतर भाऊंनी मेधाची बैठक उघडली होती.

वर जाऊन ती उघडली. दुसऱ्या आणि आठव्या प्रकरणाच्या मध्ये, जिथे रिकाम्या चौकटी होत्या, तिथे पाच नव्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला नाव दिलेलं: ३ बाई, ४ बाई, ५ बाई, ६ बाई, ७ बाई. पान दाखवणाऱ्या खिडकीत तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ. मी वायरी पाहिल्या. मेधाच्या पट्ट्यांची वायर तिच्या गाळणीतून जात होती. माझ्यासाठी त्यांनी माइकपासून मुद्रणापर्यंत सरळ वायर ओढली होती, मध्ये काही नाही.

मला काही लागत नाही हे ते चांगल्या अर्थाने म्हणाले होते की वाईट, हे मला अजूनही कळलेलं नाही. वायर तर तशी आहे.

वाचण्याआधी एक गोष्ट करायला हवी होती. मी मेधाला फोन लावला. आपल्याकडे सकाळ होती, तिच्याकडे संध्याकाळ. भाऊ गेल्याचं सांगितलं. ती लगेच रडू लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मला तोवर रडता आलं नव्हतं. तिचा आवाज ऐकताना मला त्याचाही हेवा वाटला.

मग मी ते सांगितलं. गुरुवार, खुर्ची, नक्कल, हो म्हणणं. सगळं, क्रमाने.

तिचं रडणं थांबलं.

"ताई, मी भाऊंना काय काय बोलले."

"हो."

"त्यांनी ऐकून घेतलं."

"हो."

"आणि तुम्ही तिथेच बसला होता ने?"

"हो. तिथेच होते."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. ते तिचं बरोबर आहे.

पाच प्रकरणं वाचायला मला सात आठवडे लागले. चौथ्या प्रकरणात एक म्हातारी आहे. मी तिच्यासाठी आवाज बदलला नाही. रावपुऱ्याच्या आजोबांना मी स्वतः फोन करून सांगितलं की मधली पाच मी वाचली आहेत. "कळलं मला," ते म्हणाले. "पुढे पुन्हा ती मुलगी आहे ना?" आहे, मी म्हटलं.

भाऊंची कापडी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आहे. मुलगा न्यायला आला नाही, मी आठवण केली नाही.

कादंबरी आता पूर्ण आहे. पहिली दोन प्रकरणं मेधाची, मधली पाच माझी, शेवटची पाच मेधाची. जोड ऐकू येतो. दुपारी एक वाजता गाळणी अजून उशिराच उत्तर देते. तोवर मी बसून असते.